माणूस गेल्यावर नातेवाईकांसाठी नर्सने काय करायचं: पहिल्या फोनपासून तेराव्यानंतरच्या फोनपर्यंत

पुण्याला येताना सोलापूर रोडवर भिगवणच्या जवळपास असताना एका पेशंटच्या मुलाने वॉर्डात फोन केला होता, रात्री पावणेदोनला, आणि विचारलं होतं, सिस्टर बाबा कसे आहेत. बाबा पावणेएकलाच गेले होते. मला नोकरीला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं, घाबरले आणि म्हणाले, सिरियस आहेत, तुम्ही लवकर या. तो साडेतीनला पोचला. तोपर्यंत बाबांना खाली मॉर्च्युरीत नेलं होतं, बेडवर नवीन चादर घालून नवी ॲडमिशनपण आलेली, आणि मी त्याच्या हातात एक पिशवी दिली, साधी कॅरीबॅग, आत बाबांचा चष्मा, रुमालात गुंडाळलेली कवळी, मोबाईलचा चार्जर आणि अर्धा पार्लेजीचा पुडा. आठ-दहा दिवसांनी तो कागदांसाठी आला तेव्हा मला शोधत वॉर्डात आला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "मी भिगवणला होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मी तिथून पुढचा सगळा रस्ता नवस बोलत आलो."

याला आता १९ वर्षं झाली. पुण्यातच तीन हॉस्पिटलात काम केलं, मेडिकल वॉर्ड, आयसीयू, मध्ये दोन वर्षं मॅटर्निटी. एक गोष्ट मला पक्की कळलीय. पेशंट गेला की वॉर्डातलं सगळंच नातेवाईकांना घाई करायला लागतं, बेड पाहिजे असतो, बिलिंगवाले फोन करत असतात, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन दारात उभे असतात, आपली ड्यूटी संपत आलेली असते, आणि या सगळ्याला थोपवून घरच्यांसाठी अर्धा तास काढून देऊ शकेल असं तिथे एकच माणूस असतं ते म्हणजे नर्स. हा अर्धा तास कसा काढायचा आणि त्यात काय करायचं हे आमच्या ज्युनियर मुला-मुलींना मी तोंडी सांगत असते, ते इथे सविस्तर लिहिते. आपल्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी आहेच, पण घरात कोणी शेवटचं आजारी असेल तर तुम्हीही वाचा, आमच्याकडून काय मागायचं ते कळेल.

१. आदल्या दिवशीच सुरुवात करा

डॉक्टरांनी घरच्यांना "आता फार काही हातात नाही" असं सांगितलं की लगेच तुमचं काम सुरू. पहिला प्रश्न, बाहेरगावी कोण आहे? मुलगी नागपूरला आहे, भाऊ कोल्हापूरला आहे, मग उद्या बघू नाही, आत्ता निघायला सांगा. नातेवाईक आपल्याकडून "निघा" हा शब्द ऐकायची वाट बघत असतात, कारण घरात तो कोणालाच उच्चारायचा नसतो. फाईलवर दोन नंबर लिहून घ्या, आणि हेही विचारा की काही झालं तर फोन कोणाला करायचा नाही. घरी एकटी म्हातारी आई असेल, तिचा लँडलाईन नंबर पहिल्या पानावर असेल, आणि रात्रीच्या नवीन सिस्टरने तोच लावला, असं मी पाहिलंय.

मग शरीराचं काय होणार ते आधीच सांगून ठेवा, साध्या शब्दांत. श्वास मध्येच थांबेल, दहा-वीस सेकंद, परत सुरू होईल, असं बरेच तास चालू शकतं. घशात घरघर होईल, ती ऐकायला फार भयंकर वाटते पण पेशंटला बहुतेक वेळा त्याची जाणीव नसते, कुशीवर वळवलं की कमी होते, सारखं सक्शन करून, म्हणजे नळीने कफ ओढून, उलट त्रासच होतो. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट नक्षीसारखं दिसेल. खाणं बंद होईल. हे आधी सांगितलेलं असलं की घरचे रात्री घाबरून दहा वेळा बेल मारत नाहीत, शेजारी बसून राहतात.

आणि हाताला काम द्या. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. कापसाचा बोळा आणि वाटीभर पाणी द्यायचं आणि दाखवायचं, असा ओला करून पिळायचा आणि ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवायचा, पाणी ओतायचं नाही. एक मुलगी, आयटीतली, तीन दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉरिडॉरमध्ये बसून होती, आईजवळ जायची पण दोन मिनिटांत बाहेर यायची, काय करायचं तेच कळत नव्हतं तिला. बोळा हातात दिल्यावर ती चार तास आईजवळून उठली नाही.

गंगाजल, तुळशीचं पान, हे मागायला लोक लाजतात, आयसीयूत चालेल का म्हणून. तुम्हीच विचारा. गिळता येत नसेल तर थेंबभर फक्त ओठांवर, पान ओठांत ठेवायचं नाही, उशाशी ठेवा. कोणाला हरिपाठ म्हणायचा असतो, कोणाला कलमा, कोणाला नवकार मंत्र, कोणाला त्रिशरण, कोणाला फादरना बोलवायचं असतं. कानाशी हळू म्हणा, असं त्यांना सांगा. ऐकू येतंय असं धरूनच बोला, आपणपण, म्हणजे बेडजवळ उभं राहून "हे आज रात्री जातील" असं डॉक्टरांशी बोलायचं नाही.

अजून एक, मॉनिटर. घरच्यांची नजर त्या आकड्यांवर खिळलेली असते आणि माणसाकडे कोणीच बघत नाही. डॉक्टरांना विचारून बेडसाईडचा अलार्म बंद करा, स्क्रीन भिंतीकडे वळवा, सिस्टरांच्या टेबलावरच्या मॉनिटरवर तुम्हाला दिसतंच. दोन स्टुलं द्या. खरंच, स्टूल द्यायला आपण विसरतो आणि लोक सहा-सहा तास उभे असतात.

२. फोन

भिगवणवाल्या मुलामुळे मी फोनचा स्वतःपुरता एक नियम केलाय. सरळ विचारलं तर खोटं बोलायचं नाही. पण सांगायच्या आधी चार गोष्टी बघायच्या: मी नक्की कोणाशी बोलतेय, पेशंटचे कोण, आत्ता कुठे आहेत, गाडी कोण चालवतंय. स्वतः चालवत असतील तर "आधी गाडी बाजूला घ्या, मी फोन धरते" म्हणायचं, आणि खरंच धरायचा. बऱ्याच ठिकाणी नियम असतो की मृत्यूची बातमी डॉक्टरच देतील, तो बरोबर आहे, तर मग आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, तिथल्या तिथे बोलवून फोन द्या, "नंतर करा" म्हणून ठेवू नका. डॉक्टरांचं बोलून झालं की फोन परत तुम्ही घ्या आणि सांगा, मी अमुक सिस्टर, त्यांच्याजवळ आहे, तुम्ही येईपर्यंत त्यांना इथेच ठेवायचा प्रयत्न करते. हे शेवटचं वाक्य लोकांना वर्षानुवर्षं आठवतं. आणि ते पाळायचं, म्हणजे नाईट सुपरवायझरशी भांडून का होईना बेड अडवून धरायचा, अगदीच नाही जमलं तर निदान एखादी बाजूची खोली बघायची.

समोरचा विचारत नसेल, नुसतं येतोय म्हणत असेल आणि लांबून यायचा असेल, तर इथे हजर असलेल्या नातेवाईकाला विचारा की यांना कोणी सांगायचं. घरच्याच माणसाकडून कळलेलं बरं असतं.

३. सांगताना

बातमी देणं डॉक्टरांचं काम, पण तुम्ही शेजारी असायलाच पाहिजे, कारण ते सांगून निघून जातात आणि प्रश्न तुम्हालाच विचारले जातात. ट्रेनिंगमध्ये वाईट बातमी द्यायची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवतात, चांगलीच आहे, पण तिची पहिली पायरीच, म्हणजे जागा नीट करून घेणं, आपल्याकडे होत नाही. लिफ्टसमोर, लोकांच्या गर्दीत सांगतात. ड्रेसिंग रूम असेल, सिस्टरांची चेंजिंग रूम असेल, ती पाच मिनिटं रिकामी करा, खुर्च्या ठेवा, पाण्याचा जग ठेवा. सगळे बसल्याशिवाय डॉक्टरांना आत आणू नका.

शब्दाबद्दल. "एक्स्पायर झाले" म्हणू नका, ते औषधाच्या बाटलीला ठीक आहे. "ते आपल्यात राहिले नाहीत" वगैरे पण नको, लांबण लागते. आणि नुसतं "गेले" म्हणून पण कधीकधी भागत नाही. मुळशीकडच्या एका आजींना हाऊसमन, म्हणजे ज्युनियर डॉक्टर, म्हणाला, आजी, आजोबा गेले. आजींनी पदर सावरला, उठल्या आणि विचारलं, "कुठं नेलं? मला नाही सांगितलं." तो मुलगा गप्पच झाला. मी खाली बसले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, आजी, आजोबा वारले. तेव्हा कळलं त्यांना. "वारले" किंवा "त्यांचा मृत्यू झाला", हे एकदा स्पष्ट बोलायचं, नाव घेऊन, आणि मग गप्प बसायचं. ही शांतता फार जड असते, आपल्याला काहीतरी बोलावंसं वाटतं, बोलू नका.

४. पहिली दहा मिनिटं

कोणी किंचाळतं, कोणी भिंतीवर डोकं आपटतं, कोणाला चक्कर येते, कोणी एकदम शांतपणे विचारतं, बिल किती झालं. यातलं काहीच चुकीचं नाही. आम्हाला नर्सिंगच्या शाळेत दुःखाचे पाच टप्पे पाठ करायला लावले होते, पण ते मुळात स्वतः मरणाला टेकलेल्या पेशंटशी बोलून मांडलेले होते, मागे राहिलेल्यांवरून नाही, आणि माणसं काही टप्प्याटप्प्याने रडत नाहीत. समोर जे आहे ते बघा. चक्कर येणाऱ्याला आडवं झोपवा, डायबेटिसवाल्या काकूंनी सकाळपासून काही खाल्लंय का ते बघा, साखरेचं पाणी तयार ठेवा.

आणि एक माणूस हमखास असतो, मधला भाऊ नाहीतर जावई, जो अजिबात रडत नाही, फॉर्म भरतो, ॲम्ब्युलन्सला फोन करतो, सगळ्यांना पाणी देतो. त्याला कोणीच पाणी देत नाही. तुम्ही द्या.

राग आला तर तो अंगावर घ्यायचा नाही, पण पळायचंपण नाही. समोरासमोर उभं न राहता जरा बाजूला उभं राहा, दार तुमच्या मागे असू दे, आवाज खाली ठेवा, "काय काय झालं ते डॉक्टर बसून सांगतील, मी बोलवते" एवढंच म्हणा आणि खरंच बोलवा. हात उचलण्यापर्यंत गेलं तर मात्र सिक्युरिटी, महाराष्ट्रात त्यासाठी २०१० पासून कायदा आहे. पण माझ्या अनुभवात निम्मा राग हा कोणी नीट बोललंच नाही याचा असतो.

जे बोलू नये ते: "देवाची इच्छा", "सुटले बिचारे", "वय झालंच होतं ना", "रडू नका, पोरांकडे बघा". हे नातेवाईक एकमेकांना बोलतील, तो त्यांचा हक्क आहे. आपण फक्त, "मी इथेच आहे", "काल रात्री त्यांनी तुमचं नाव घेतलं होतं" (खरंच घेतलं असेल तरच), "त्यांना शेवटी दुखत नव्हतं" (हेही खरं असेल तरच). खोटा दिलासा नंतर उघडा पडतो.

५. शेवटची आंघोळ

वॉर्डच्या भाषेत आपण "बॉडी पॅक करा" म्हणतो. नातेवाईकांच्या कानावर "बॉडी" हा शब्द पडू देऊ नका. काका होते ना सकाळपर्यंत, मग आताही काकाच. "काकांना स्वच्छ करतो, दहा मिनिटं द्या, तुम्हाला आत यायचंय का मदतीला?" असं विचारायचं. निम्मे नाही म्हणतात, पण जे येतात ते कायम आठवण काढतात.

आधी एक गोष्ट तपासा, केस एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी मेडिको-लीगल, आहे का? ॲक्सिडेंट, जळणं, विषबाधा, आत्महत्या, संशयास्पद काही, तर मग नळ्या काढायच्या नाहीत, अंग पुसायचं नाही, कपडे धुवायचे किंवा फेकायचे नाहीत, सगळं जसंच्या तसं, पोलीस पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होईपर्यंत. पण हे घरच्यांना सांगा, नाहीतर तोंडात नळी तशीच असलेला मुलगा बघून आईला वाटतं यांनी टाकून दिलाय. मी म्हणते, कायद्यामुळे मला ही काढता येत नाही, पण चेहऱ्याजवळ बसा, हात धरा. तेवढं पोलिसांना विचारून बहुतेक वेळा करता येतं. ससूनला किंवा जिथे पोस्टमॉर्टेम असेल तिथे साधारण किती वेळ लागेल तेही विचारून सांगा, अंदाज नसला की बाहेर थांबलेल्या माणसांचे फार हाल होतात.

एमएलसी नसेल तर, बेडभोवतीचा पडदा ओढा, पंखा कमी करा, नळ्या, कॅथेटर, कॅन्युला काढा, जिथे गळतंय तिथे नीट ड्रेसिंग करा. डोळे हळू मिटवा, कवळी असेल तर लगेच बसवा, नंतर बसत नाही आणि चेहरा ओळखू येत नाही, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. दोन-चार तासांत शरीर ताठायला लागतं, आधी पापण्या आणि जबडा, म्हणून ही कामं पहिल्यांदा. कोमट पाण्याने तोंड, हात, पाय पुसा. केस विंचरा, भांग कुठल्या बाजूला पाडायचा ते घरच्यांना विचारा. हे छोटंसं वाटेल पण एका बाईंच्या नवऱ्याचा भांग मी उलटा पाडला होता आणि त्या मला म्हणाल्या, हे माझे नाहीत असं वाटतंय. मग त्यांनी स्वतः पर्समधला कंगवा काढून भांग पाडला आणि तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

धर्माचं, जातीचं गृहीत धरू नका, विचारा. मुस्लिम कुटुंबात घुसल, म्हणजे दफनाआधीची आंघोळ, घरचे लोकच घालतात, बाईंना बायाच हात लावतात, दफन लवकर करायचं असतं, म्हणून कागद आधी त्यांचे पुढे काढा. लिंगायत समाजात बसलेल्या स्थितीत दफन करायची पद्धत आहे, म्हणजे शरीर ताठायच्या आत मांडी घालून बसवावं लागतं, हे माहीत नसलेल्या सिस्टरने पाय सरळ बांधून ठेवले की पुढे घरच्यांचे फार हाल होतात.

दागिने: मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, अंगठी, जानवं, ताईत. काय ठेवायचं, काय काढायचं ते घरचे ठरवतील. काढलं तर दोघांच्या समोर, यादी करून, सही घेऊन. यादीत "सोन्याची" असं लिहू नका, "पिवळ्या धातूची" लिहितात ते बरोबर आहे, पण का ते समजावून सांगा, की खरं सोनं आहे का ते आपल्याला तपासता येत नाही, नाहीतर लोकांना अपमान वाटतो. आणि वस्तू कॅरीबॅगेत देऊ नका. मी कागदाची मोठी पाकिटं आणून ठेवलीयेत, वर नाव लिहायचं, चष्मा पुसून ठेवायचा, दोन्ही हातांनी द्यायचं. बेडवरची नावाची पाटी नातेवाईक वॉर्डातून बाहेर पडल्यावरच बदलायची.

६. नेत्रदान

विचारायला आपण कचरतो. पण वेळ थोडा असतो, मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. आधी फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती चालते, चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डायबेटिस होता तरी चालतं. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) अशा केसेसमध्ये नाही. बातमी कळल्या कळल्या विचारू नका, रडण्याचा पहिला भर ओसरू द्या, मग घरातल्या त्यातल्या त्यात शांत माणसाला बाजूला घेऊन एकदाच विचारा, नाही म्हणाले तर विषय संपला, परत काढायचा नाही. हो म्हणाले तर पापण्या मिटवून ओला कापूस ठेवा, पंखा बंद, डोकं उशीने थोडं वर, आणि आय बँकेला, म्हणजे नेत्रपेढीला, फोन. टीम येऊन साधारण अर्ध्या तासात होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही, हे घरच्यांना सांगाच, तीच भीती असते.

ब्रेन डेथ झालेल्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडून फक्त मशीनवर श्वास चालू असलेल्या पेशंटचं वेगळं. तिथे घरच्यांना छाती वरखाली होताना दिसते, अंग गरम लागतं, त्यामुळे ते "अजून आहे ना" म्हणत राहतात. तपासण्या ६ तासांच्या अंतराने दोनदा होतात, डॉक्टरांचं पॅनेल करतं. अवयवदानाचं बोलणं ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला करू दे. आपण फक्त एकच जपायचं, घरच्यांसमोर "मशीनवर जिवंत आहे" असं बोलायचं नाही. त्या एका शब्दामुळे घरचे वर्षभर स्वतःला विचारत बसतात, आपणच मारलं का.

७. कागद

हे थोडक्यात, पण नीट. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, बार्शीचा माणूस पुण्यात गेला तर पुणे महापालिकेत, पिंपरीत गेला तर पिंपरी-चिंचवडला. मुदत २१ दिवस. हॉस्पिटलातल्या मृत्यूची माहिती हॉस्पिटलच पाठवतं, पण नाव, वय, पत्ता आपण लिहून देतो तेच छापून येतं. म्हणून आधार कार्ड मागून घ्या, स्पेलिंग अक्षर-अक्षर मिळवा आणि घरच्यांना एकदा वाचून दाखवा. बँक, पेन्शन, एलआयसी, सातबारा, सगळीकडे हे लागतं आणि एक वेलांटी चुकली तर विधवा बाई सहा महिने खेटे घालते. मृत्यूचं कारण लिहिलेल्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाईकाला मिळायला हवी. दाखल्याच्या प्रती जास्तच काढा असं सांगा. स्मशानात न्यायला कुठला कागद लागतो, पास कुठे मिळतो, वैकुंठला की घराजवळच्या स्मशानभूमीत, विद्युतदाहिनी की लाकडं, शववाहिनी कोण पाठवतं, हे सगळं एका कागदावर लिहून वॉर्डात ठेवलेलं असावं, रात्री तीनला हे कोणाला सुचत नाही.

बिलाबद्दल. थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. बिलिंगचा माणूस वॉर्डात आला तर त्याला दाराबाहेर थांबवा आणि सोशल वर्करला बोलवा. आपल्यालाच बोलणी बसतात यावरून, मला बसलीयेत, बसू देत.

८. बाळ गेलं तर

मॅटर्निटीतल्या दोन वर्षांनी मला जेवढं शिकवलं तेवढं आयसीयूने नाही. बाळ पोटातच गेलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं, की आपल्याकडे पटकन कापडात गुंडाळून बाहेर देतात, बापाच्या नाहीतर मामाच्या हातात, आणि आईला म्हणतात बघू नको, त्रास होईल. आईने ठरवायचं हे. आज नको म्हणाली तर दोन तासांनी परत विचारा. बाळाला पुसून, टोपडं घालून, दुपट्यात नीट गुंडाळून द्या, आणि आधी सांगा कसं दिसेल, रंग कसा असेल, गार लागेल. बोटं मोजू द्या, सगळ्या आया बोटं मोजतात. हवा असेल तर पायाचा ठसा कागदावर घेऊन द्या, फोटो हवा का विचारा. बाळाचं नाव ठरलेलं असेल तर त्या नावानेच बोला.

त्या आईला बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवू नका. जागा नसेल तर निदान कोपऱ्यातली कॉट आणि भोवती पडदा, आणि फाईलवर काहीतरी खूण, म्हणजे सकाळच्या मावशी येऊन "बाळ कुठंय?" विचारणार नाहीत.

आणि दूध. हे तिला कोणी सांगतच नाही. दोन-चार दिवसांनी, म्हणजे घरी गेल्यावर, दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, आणि तिला वाटतं शरीर आपली थट्टा करतंय. डिस्चार्जच्या आधी सांगा: आधार देणारी ब्रा घालायची, फडक्याने करकचून आवळायचं नाही, गार पाण्याच्या पट्ट्या, सारखं पिळून काढायचं नाही, फार ठणकलं तर थोडंसंच काढायचं, दुखण्याची गोळी. दूध थांबवायची गोळी डॉक्टर देऊ शकतात, पण बीपी वाढलेलं असेल तर ती सगळ्यांना चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. ताप आला, लाल झालं तर लगेच यायचं. नोकरी करत असेल तर हेही सांगा की मातृत्व रजेच्या कायद्यात मृत जन्मलेलं बाळही धरलेलं आहे, आणि गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पुष्कळ जणी आठव्या दिवशी ऑफिसला जातात, माहीत नसतं म्हणून.

९. मित्र

पुण्यात हे फार होतं. बाहेरगावची पोरं, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी, हिंजवडीत चौघांत फ्लॅट घेतलेली, बाईकचा ॲक्सिडेंट होतो, आणणारे मित्रच असतात, रक्ताने भरलेले शर्ट तसेच, आणि आईवडील लातूरहून, नांदेडहून निघालेले. सही कोणाची, नातं काय, हे विचारून आपण त्या पोरांना काचेबाहेर ठेवतो. त्यातला एक जण रात्रभर त्या आईचे फोन घेत असतो. तिला काय सांगायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. बावीस वर्षांचा मुलगा असतो तो. फोन त्याच्या हातातून घ्या आणि डॉक्टरांना बोलायला लावा, हे ओझं त्याचं नाहीये. त्याला हात-तोंड धुवायला जागा दाखवा, एखादा स्क्रबचा शर्ट द्या घालायला. मित्र वारला तर आईवडील यायच्या आधी त्या पोरांनाही दोन मिनिटं आत सोडा, डॉक्टर आणि पोलिसांची हरकत नसेल तर. आईवडील आले की ते ओघानेच मागे सरकतात, कोणी त्यांना "सावर रे" म्हणत नाही, आणि नंतर त्याच खोलीवर रिकाम्या कॉटशेजारी झोपायचं असतं त्यांना. जाताना सांगा, आज रात्री कोणी एकटं झोपू नका.

तसंच जे नात्यात बसत नाहीत ते सगळे. लग्न न केलेली जोडीदार, शेजारच्या काकू ज्यांनी दहा वर्षं डबा दिला, घरकामाच्या मावशी, सकाळी सारसबागेत बरोबर चालणारे आजोबा. फाईलवर यांचं नाव नसतं. दाराशी कोणी घुटमळताना दिसलं तर घरच्यांना विचारून आत घ्या.

लहान मुलांचंही इथेच सांगते. "झोपलेत", "देवबाप्पाने नेलं", "गावाला गेलेत" असं सांगितलं की मूल झोपायला घाबरतं किंवा वाट बघत बसतं. "आजोबांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही" एवढं घरच्या माणसानेच, मांडीवर घेऊन सांगावं. मूल पाच मिनिटांत खेळायला लागेल. चालतं.

१०. नंतरचा फोन

दहाव्यापर्यंत घर भरलेलं असतं, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, ओंकारेश्वरला दशक्रिया होते, तेरावा होतो, गोडाचं होतं आणि मग सगळे आपापल्या गावी जातात. घर तेव्हा रिकामं होतं. म्हणून माझा फोन पंधराव्या-सोळाव्या दिवशी असतो, दुपारी चारच्या सुमाराला, हॉस्पिटलची परवानगी घेऊन आणि वॉर्डच्या फोनवरून. "मी अमुक वॉर्डमधली सिस्टर, काकांची आठवण आली म्हणून केला. झोप लागते का? जेवता का?" बस. आणि मग ऐकायचं. बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, आम्ही लवकर आणलं असतं तर? याचं उत्तर तुम्हाला माहीत नसेल तर डॉक्टरांशी भेट ठरवून द्या, काही मिनिटांची ती भेट काही लोकांना वर्षभराच्या छळातून सोडवते.

रडणं, भूक नसणं, आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, दोन ताटं वाढली जाणं, हे पहिले काही महिने होतंच. मात्र सहा महिने उलटले तरी रोजचं जगणं ठप्प आहे, घराबाहेर पडत नाही, त्याच त्या विचारात अडकलंय, तर तज्ज्ञांकडे पाठवा, जागतिक आरोग्य संघटनेने अशा लांबलेल्या दुःखाला आता स्वतंत्र आजार म्हणून धरलंय. आणि "मलाही त्यांच्याकडे जायचंय" असं कोणी बोललं तर सहा महिने थांबायचं नाही, स्पष्ट विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का, घरच्यांना सांगायचं, त्यांना एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, मराठीतही बोलतात.

११. आपण

ज्युनियरचा पहिला मृत्यू असेल तर तिला पुढच्या दहा मिनिटांत लगेच आठ नंबरच्या बेडचं इन्शुलिन द्यायला पाठवू नका. हात धुवायला लावा, चहा द्या, काय काय झालं ते एकदा बोलू द्या. नातेवाईकांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर आलं, फक्त त्यांनी आपल्याला सावरायची वेळ येऊ द्यायची नाही. ड्यूटी संपल्यावर तिला एकटीला गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका, रात्र असेल तर कोणीतरी सोडून या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बेडवर तिची ड्यूटी लावायची का हे तिलाच विचारून मग चार्टवर नाव लिहा.